अंघोळीचं पाणी आणि सोलरचं अनुदान: अर्जाआधी घरात काय तयार ठेवावं

सगळ्यात आधी लाईट बिल हातात घ्या आणि त्यावरचं नाव वाचा. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या बिलावर आजोबांचं नाव होतं. ते जाऊन अठरा वर्षं झाली होती, पण बिल वेळच्या वेळी भरलं जायचं, त्यामुळे नावाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. सोलरचा अर्ज भरायला बसलो तेव्हा आधार माझं, बँकेचं खातं माझं आणि मीटर आजोबांचा. तिथंच काम थांबलं आणि तीन महिने गेले. पॅनेल कुठलं घ्यायचं, किती किलोवॉटचं घ्यायचं, ही चर्चा आम्ही आधी केली होती. कागद आधी बघायला हवे होते.

तर नाव बदलायचं असेल तर महावितरणकडे अर्ज करण्याआधी मृत्यूचा दाखला, सिटी सर्व्हेचं वारसनोंद झालेलं मालमत्ता पत्रक आणि चालू वर्षाची घरफाळ्याची पावती गोळा करा. घरात वाटेकरी असतील तर त्यांची लेखी संमती घ्या. आमच्या आत्या इचलकरंजीला असतात, त्यांच्या सहीसाठी दोन फेऱ्या झाल्या. त्या आनंदानं सही करणारच होत्या, पण पहिल्या वेळी स्टॅम्पपेपरवर त्यांचं माहेरचं नाव होतं आणि आधारवर सासरचं. नावातला एखादा ‘राव’, एखादी वेलांटी, वडिलांच्या नावाऐवजी नुसतं आद्याक्षर, एवढ्यानंही अडतं. बिल, आधार आणि पासबुक ही तिन्ही शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार त्याच वेळी वहीत लिहून घ्या. मागची थकबाकी असेल तर मिटवून टाका.

आता मूळ गरजेकडे. कोल्हापुरात घर तापवायची वेळ येत नाही, पण पाणी तापवायची येते. थंडीत आणि पावसाळ्यात तर घरटी पाच-सहा बादल्या होतात. हिशेब सरळ आहे. पाच माणसांना मिळून १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं तर साधारण २.३ युनिट वीज लागते. महिन्याचे झाले ७०. महावितरणचा घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटला संपतो आणि पुढच्या टप्प्याचा दर बराच चढा आहे. म्हणजे पंखे, फ्रिज, टीव्ही धरून जे घर पहिल्या टप्प्यात बसलं असतं, ते नुसत्या अंघोळीमुळे वरच्या टप्प्यात जातं. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे आकडे छापलेले असतात, ते बघा. थंडीचे आणि उन्हाळ्याचे आकडे वेगळे लिहिले की गीझर किती खातो ते लगेच दिसतं.

हे पाणी तापवण्यासाठी सरकारकडून काय मिळतं, याबद्दल बराच गोंधळ आहे. छतावर सोलर वॉटर हीटर बसवला तर केंद्राचं अनुदान मिळतं असं अजून बरेच जण सांगतात. ते अनुदान २०१४ सालीच बंद झालं. गीझर किंवा हीट पंप (हवेतल्या उष्णतेनं पाणी तापवणारं यंत्र) घेतला म्हणून घरगुती ग्राहकाला इन्कम टॅक्समध्ये वेगळी वजावटही मिळत नाही. अमेरिकेत असलेल्या भाचीनं हीट पंपावर तीस टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर करसवलत घेतली, ते ऐकून आमच्या घरात आशा लागली होती. पण ती तिकडची योजना, आणि तीही ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. आपल्याकडे आज पैसा आहे तो छतावर वीज तयार करण्यासाठी. म्हणून माझं स्पष्ट मत असं की अंघोळीच्या पाण्याचा खर्च उतरवायचा असेल तर आधी छतावरची वीज धरा, मग पाणी कशानं तापवायचं ते ठरवा.

ही योजना म्हणजे पीएम सूर्यघर मोफत बिजली योजना. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, देशभरात एक कोटी घरांचं उद्दिष्ट आहे आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ ला ७८,०००. त्याच्या पुढं कितीही मोठं बसवलं तरी ७८,०००च. १ किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणून दीडशे युनिटपर्यंतच्या घराला एक ते दोन किलोवॉट आणि दीडशे ते तीनशेच्या घराला दोन ते तीन, असा अंदाज धरतात. विकणारा माणूस पाच किलोवॉटचा आग्रह धरेल. तुमचा बारा महिन्यांचा वापर त्याच्यापुढं ठेवा आणि मगच बोला.

ज्यांचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत आहे, त्यांनी राज्य सरकारची ‘स्मार्ट’ योजना जरूर बघावी. पूर्ण नाव स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप सोलर योजना. १ किलोवॉटसाठी केंद्राच्या ३०,००० वर राज्याकडून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,००० आणि सर्वसाधारण गटाला १०,००० रुपये. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या घराचा वापर साठ-सत्तर युनिटच्या वर जात नाही. ही योजना खरी त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्यापर्यंत ती कुणी पोहोचवलीच नव्हती. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर एक संध्याकाळ काढून त्यांचे कागद लावून द्या. जातीचा दाखला, रेशन कार्ड, पासबुक एका पिशवीत घालून ठेवलं तरी निम्मं काम झालं.

मग गच्चीवर जा. हे काम मोबाईलवर होत नाही. १ किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. सूर्य सर्वांत खाली डिसेंबरात असतो, म्हणून सावली त्याच महिन्यात बघावी. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता खडू घेऊन वर गेलो आणि टाकीची, शेजारच्या नारळाची आणि जिन्याच्या खोलीची सावली जिथं पडेल तिथं रेघ मारली. बाराच्या रेघेत गच्ची बरीचशी मोकळी दिसत होती. तीनच्या रेघेत मात्र जिन्याच्या खोलीनं जवळजवळ पाव जागा खाल्ली. सर्व्हेला आलेला मुलगा दुपारी बारालाच आला होता. त्याला खडूच्या रेघा दाखवल्या तेव्हा त्यानं एक रांग सरकवून घेतली. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्या साखळीतल्या इतर पॅनेलांची वीज घटू शकते, म्हणून हा खडूचा उद्योग चुकवू नका.

स्लॅब गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या. स्ट्रक्चर एकदा बसलं की खालची दुरुस्ती फार अवघड होते, आणि आपल्याकडचा पाऊस काय आहे ते सांगायला नको. मंगळूर कौलांचं किंवा पत्र्याचं छप्पर असेल तर वासे आणि लोखंडी कैच्या वजन पेलतील का, हे आधी गवंडी किंवा इंजिनिअरला दाखवा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्चीच्या हक्कासाठी सोसायटीचा ठराव लागेल. सोसायटीच्या सामाईक वापराला, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांना, प्रति किलोवॉट १८,००० रुपये वेगळं अनुदान आहे.

कोटेशन तीन ठिकाणांहून घ्या, आणि तिन्ही विक्रेते योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेले आहेत हे स्वतः तपासा. कोटेशनमध्ये पॅनेल ‘डीसीआर’ असल्याचं लेखी हवं, म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेले. हे नसेल तर अनुदान मिळत नाही, मग पॅनेल कितीही चांगलं असो. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे, हेही लिहून घ्या. जीएसटी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या साहित्यावरचा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, सोलर वॉटर हीटरवरही. साहित्य आणि बसवणी एकत्र धरली तर पूर्ण प्रकल्पावर साधारण ८.९ टक्के पडतो. जुन्या दराचं कोटेशन अजून कुणी पुढं केलं तर तिथल्या तिथं विचारा. आणि पोर्टलवर अर्ज होण्याआधी कुणी पॅनेल चढवायला लागलं तर थांबवा. आधी नोंदणी, मग बसवणी, मग नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा), मग तपासणी, मग बँक तपशील आणि रद्द केलेला चेक. पैसे शेवटी तुमच्या खात्यात येतात, म्हणून सुरुवातीला पूर्ण रकमेची सोय लागते. तीन किलोवॉटपर्यंत बँकांकडून बिनतारण कर्ज मिळतं, ते विचारून ठेवा.

घरफाळ्याचंही बघा. पुण्यासारख्या महापालिका सोलर बसवलेल्या घराला मिळकत करात सूट देतात. घरफाळा विभागात जाऊन चालू वर्षाची सवलत आणि तिला लागणारी कागदपत्रं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. बसवल्याचं प्रमाणपत्र आणि फोटो त्यासाठीच जपून ठेवायचे.

पाणी कशानं तापवायचं, ते आता ठरवा. गच्ची मोठी असेल तर १०० लिटरचा सोलर वॉटर हीटर तीन-चार माणसांना पुरतो. बोअरचं पाणी जड असेल तर तांब्याच्या नळ्यांत क्षार साठतात, तिथं काचेच्या नळ्यांचा प्रकार घ्यावा. थंड पाण्याची टाकी हीटरच्या टाकीपेक्षा वर असावी लागते, उंची मोजून घ्या. गच्ची लहान असेल तर सगळी जागा पॅनेलना द्या आणि खाली हीट पंप किंवा चांगल्या स्टारचा गीझर लावा. हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे साध्या गीझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तेवढंच पाणी तापवतो. वर काढलेले ७० युनिट पंचवीसच्या आसपास येतात. आम्ही हेच केलं.

एक तयारी मात्र कोल्हापूरकरानं वेगळी करायची आहे. छतावरची ही यंत्रणा साधारणपणे बॅटरीशिवाय असते. बाहेरची लाईट गेली की लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी, आपोआप बंद होतो. ऊन कितीही असलं तरी घरात वीज येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कित्येक भागांत दिवस-दिवस लाईट नव्हती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी गाठते. ज्यांच्या घरात २०२१ चं पाणी आलं होतं, त्यांनी भिंतीवरची ती खूण शोधून इन्व्हर्टर आणि मीटरची पेटी तिच्या वर किमान हातभर घ्यावी. विक्रेता सोयीसाठी जिन्याखाली लावतो म्हणेल, लावू देऊ नका. वायर थोडी जास्त लागेल, तिचे पैसे द्या.

आणि बंब मोडीत घालू नका. आईनं आमचा घालू दिला नाही. मे संपायच्या आत तो घासून, तोटीची गळती बघून घ्या, आणि एक पोतं शेणी आणि थोडं वाळलेलं जळण माळ्यावर चढवून ठेवा.