रॉकेट मास हीटरची मापं: आधी चौरस इंच, मग विटा

जानेवारीत ग्वाल्हेरचं धुकं उतरत नाही आणि लष्कर भागातल्या जुन्या दगडी घरांच्या भिंती आतून गार पडतात. अशा वेळी हा हीटर फार कामाचा. थोड्या काटक्या तास-दोन तास जोरात जाळायच्या, आणि त्यांची ऊब माती-दगडाच्या ओट्यात रात्रीसाठी साठवायची. विटा, माती, 200 लिटरचा पत्र्याचा ड्रम तुम्ही जमवालच. काम बिघडतं ते मापांत.

पहिल्यांदा पाइपाचा व्यास ठरवा. मध्यम खोलीला 6 इंची पुरतो, मोठ्या दिवाणखान्याला 8 इंची. मग त्याचं क्षेत्रफळ काढा: 6 इंचीचं 28 चौरस इंच, 8 इंचीचं 50. तो आकडा खडूनं भिंतीवर लिहून ठेवा. आगीपासून धुराड्यापर्यंतची वाट कुठेही त्याहून अरुंद होता कामा नये. फक्त लाकूड घालायचं तोंड किंचित लहान चालतं. 6 इंचीला विटांमध्ये साडेपाच बाय पाच इंच ठेवलंत की झालं. ‘तोंड मोठं ठेवा, लाकूड जास्त मावेल’ असं कुणी सांगितलं तर साफ नाही म्हणा. मोठ्या तोंडातून गरजेपेक्षा जास्त गार हवा शिरते, आग मंदावते आणि धूर खोलीत येतो.

मापांचं प्रमाण 1:2:4. तोंडाची उंची 12 इंच, आडव्या बोगद्याची लांबी 24, उभ्या नळाची उंची 48. दोन्ही उंच्या बोगद्याच्या तळापासून मोजा. बोगदा थोडा आखूड चालेल, उभा नळ कधीच नाही, कारण मुख्य ओढ त्याचीच. त्याला बाहेरून सिरॅमिक वूल, म्हणजे आच रोखणारी लोकरीसारखी चादर, गुंडाळा. आत लोखंडी पाइप घालू नका, तो या आचेत झडत जातो.

या नळावर ड्रम पालथा बसतो. नळाचं टोक आणि ड्रमचा माथा यांत व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतकी फट लागते. 6 इंचीला 1 इंच 4 सूत. मी पूर्ण 2 इंच सोडतो.

आता ती जागा, जिथे मी एक अख्खा हिवाळा घालवला. ड्रममधून खाली उतरलेला गरम वायू वळून ओट्यातल्या आडव्या पाइपात शिरतो, तो गळा. बाजूनं कापलेल्या आकृतीत तिथे ऐसपैस जागा दिसते, पण आकृतीत रुंदी दिसत नाही. नळाच्या चहूबाजूंनी उतरणारा वायू एकाच कोपऱ्यात गोळा होतो, काटकोनात वळतो, आणि वरून राखही तिथेच पडते.

बाबांच्या खोलीत पहिला हीटर बांधला तेव्हा पाइप 6 इंची, बोगदा बरोबर, सगळं बरोबर. तरी पेटवला की पाच मिनिटांत धूर उलटा तोंडातून बाहेर. मिस्त्री म्हणाला, धुराडं वाढवा. 3 फूट वाढवलं, फरक शून्य. शेवटी ड्रम उचलला आणि गळ्यात हात घातला. पंजा सपाट गेला, मूठ जाईना. ड्रमची कड पाइपाच्या निम्म्या तोंडावर उतरली होती आणि खाली मातीचा थर होता. 28 चौरस इंचांतले जेमतेम 12 उरले होते.

म्हणून गळ्याला 28 सुद्धा पुरे समजू नका. दुप्पट धरा, 56. म्हणजे 8 इंच रुंद, 7 इंच उंच तोंड, आणि तिथून फूटभराच्या अंतरात हळूहळू निमुळतं होत पाइपाला मिळणारं. या मापाचा पुठ्ठा कापा. ड्रम बसवण्याआधी तो गळ्यात उभा करून बघा. न दुमडता उभा राहिला पाहिजे. वाकला तर माती खरवडा, ‘चालून जाईल’ म्हणू नका. शेजारीच राख काढायचं झाकण ठेवा.

ओट्यातला पाइप 6 इंचीला 30 फुटांपर्यंत, 8 इंचीला 50. दर काटकोनी वळणाला त्यातले 5 फूट वजा करा. 7 फूट जाऊन तेवढंच परत यायचं असेल तर दोन वळणांचे 10 धरून हिशेब 24 फुटांवर येतो. धुराडं घराबाहेर, छपराच्या वर. जळताना खिडकी थोडी उघडी ठेवा, विषारी वायूच्या बाबतीत माझी सूट नाही. ड्रमचा रंग आधी अंगणात जाळून घ्या. आत काय भरलं होतं ते माहीत नसलेला ड्रम नकोच.

माती वाळू द्या, मग बाभळीच्या वाळक्या, बोटभर जाडीच्या काटक्या तोंडात उभ्या लावा. ज्वाला आडवी बोगद्यात ओढली जाऊन घुमल्यासारखा आवाज आला की मापं जमली. पुठ्ठा मात्र फेकू नका. दर दिवाळीनंतर, पहिल्यांदा पेटवण्याआधी, मी राखेचं झाकण काढतो आणि त्याच पुठ्ठ्यानं गळा पुन्हा तपासतो.