जहाज धक्का सोडते तेव्हा टग न् पायलट काय करते, न् तुम्ही कुठं उभं राहाचं

गावातले दोन पोट्टे जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशाचा, कोर्स करून पहिल्यांदा कंटेनर जहाजावर चालले. परवा पारावर इचारत होते, भाऊ एवढं मोठं इंजिन असून टग कायले लागते? म्हटलं लिहूनच टाकतो. टग म्हणजे मोठ्या जहाजाले ओढणारी-ढकलणारी लहान पण ताकदीची बोट.

जिनिंगमध्ये कापसानं उंच भरलेली ट्रॉली पाहिली ना, वजनापेक्षा वाराच जास्त तरास देते, तसंच हे. ३०० मीटर लांब जहाज, पाण्यावर डब्यांसकट ३० मीटर उंच धरा, म्हणजे सव्वादोन एकराचं वावर उभं करून ठेवल्यासारखी एकच बाजू. ताशी ३६ किलोमीटरचा वारा आडवा लागला तं ५० टनांच्या वर रेटा बसते. जहाजाले ब्रेक नाही, न् सुकाणूले वाहतं पाणी लागल्याशिवाय ते काम करत नाही. उभ्या जहाजाचं सुकाणू फिरवणं म्हणजे बैल न जुंपता कासरा ओढणं. म्हणून टग. चांगला टग एकटा ६० टनांच्या आसपास ओढते.

पायलट, म्हणजे बंदराची वाट माहीत असलेला तिथला वाटाड्या, बहुतेक वेळा गँगवेनंच, म्हणजे धक्क्यावरून लावलेल्या शिडीनंच, चढते. तो आला की लाल-पांढरा झेंडा वर. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवाच्या खोलीत, तो न् कॅप्टन बसून ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडते ते), इंजिन, वारा, भरती सगळं बोलून घेते. न्हावा शेवासारख्या बंदरात जास्त बुडणाऱ्या जहाजाले भरतीची वाट पाहावी लागते. पायलट वाट सांगते, जबाबदारी मात्र कॅप्टनचीच. टगवाल्यांशी पायलट बरेचदा तिथल्याच भाषेत बोलते, परदेशी कॅप्टन नुसता तोंडाकडं पाहत राह्यते.

आता तुमचं काम. एक टग पुढं, एक मागं मधोमध. तुम्ही हिव्हिंग लाईन, म्हणजे टोकाले गाठ असलेली बारीक दोरी, फेकाची, टगवाल्याच्या अंगावर नाही, बाजूले, न् गाठीत नट-बोल्ट भरायची हुशारी करू नका, एखाद्याचं डोकं फुटते. तो तिले मेसेंजर, म्हणजे मोठा दोर ओढून आणाचा मधला दोर, बांधते, तुम्ही वर ओढाचं, मोठ्या दोराचा फासा बिट्सवर, म्हणजे डेकवरच्या जाड लोखंडी खुंट्यांवर, टाकाचा, अंगठा वर करून दाखवाचा न् लगेच मागं सरकाचं. ताणलेला दोर तुटला तं दिसाच्या आधी लागते. दोराच्या रेषेत न् वाकणीच्या आत कोणीच नाही, बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, बोलावते तरी नाही.

मग 'सिंगल अप', म्हणजे बाकीचे दोर काढून दोन्ही टोकांले एकदोनच ठेवाचे. शेवटी तेही सोडाचे. मागचे दोर पाण्यातून पूर्ण वर आल्याशिवाय 'प्रॉपेलर क्लिअर' म्हणायचं नाही, दोर पंख्यात गुंडाळला तं संपलं. आता दोन्ही टग सारखे ओढते न् जहाज आडवंच धक्क्यापासून सरकते, एवढं हळू की समजतच नाही, फक्त मधातली पाण्याची पट्टी रुंद होत जाते. वळवाचं असलं तं एक ओढते, दुसरा ढकलते, बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकातला आडवा पंखा, पुढून मदत करते, पण वेग वाढला की थ्रस्टरचा जोर जाते.

पाचसहा नॉट, म्हणजे ताशी दहाएक किलोमीटर, वेग आला, सुकाणू ऐकाले लागलं की टग सोडाचे. इथंच नवीन पोरगं चुकते. एका बंदरात मी घाईत मेसेंजर सोडून दिला, दोर सरसर टगच्या पंख्याजवळ पाण्यात, टगवाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या, न् त्याचं बरोबरच होतं. दोर मेसेंजरनं हळूहळू उतरवाचा, टगनं ओढून घेतला की मगच सोडाचं.

टग कुठवर सोबत ठेवाचे हा मोठा सवाल आहे. २६ मार्च २०२४ ले बाल्टिमोरमध्ये 'डाली' नावाचं जवळपास ३०० मीटरचं कंटेनर जहाज निघालं, टग सोडून झाले होते, पायलट वरच होते, न् मधातच लाईट गेली. पुलाच्या खांबाले धडकलं, पूल पडला, वर काम करणारे ६ मजूर गेले. माझं मत इचाराल तं अरुंद जागा संपेस्तोवर टग सोबत असलेला बरा, पण त्याचं बिल कोण भरते यावर गाडी अडते.

बाहेर आलं की पायलट उतरते. शिडी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूले, पाण्यापासून चढण ९ मीटरच्या वर असली तं तिरपी शिडी न् दोरशिडी दोन्ही जोडून. प्रत्येक पायरी आधी हातानं ओढून पाहा, तुमच्या बांधणीवर एक माणूस लटकणार आहे. तो बोटीत उतरला, हात केला, की झेंडा खाली, शिडी वर, न् ओले दोर लाटा लागायच्या आत खाली भरून टाकाचे.