शाळेचं कार्यालय सांभाळताय? या चुका टाळा

शाळेच्या कार्यालयातली चूक ज्या दिवशी होते त्या दिवशी सहसा कुणाला दिसत नाही. प्रवेशाच्या गर्दीत जन्मतारखेचा एक आकडा चुकतो आणि तो सापडतो मूल शाळा सोडताना, दाखला हातात पडल्यावर. फीची एक पावती नोंदवायची राहते आणि ती उकरून निघते वर्षअखेरच्या हिशेब तपासणीत. तोवर नोंद करणारा माणूस कदाचित नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून प्रशासकीय व्यवस्थापकाने कामाची मांडणीच अशी करावी, की झालेली चूक त्याच महिन्यात सापडेल आणि ती करणाऱ्याखेरीज दुसऱ्यालाही सापडू शकेल. खालच्या बहुतेक अडचणी ही मांडणी नसल्यामुळे येतात.

नाव आणि जन्मतारीख ऐकून लिहिणं

पालक तोंडी सांगतात, लिपिक लिहून घेतो, आणि मुलाच्या नावातला एक ऱ्हस्व-दीर्घ पुढच्या प्रत्येक कागदावर चुकीचा जातो. नोंद नेहमी मूळ जन्मदाखल्यावरूनच करा. झाल्यावर एकाने दाखला मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने रजिस्टरवर बोट ठेवून ताडावं. मग त्याच नोंदीची छापील प्रत पालकांना दाखवून सही घ्या. ही सही पहिल्याच महिन्यात मिळाली पाहिजे. शेवटच्या वर्गातल्या मुलांच्या नोंदी तर दाखले लिहायला घेण्याच्या कितीतरी आधी एकदा पुन्हा ताडून घ्याव्यात.

चूक सापडलीच तर पांढरी शाई लावू नका, खाडाखोड करू नका, आकड्यावर आकडा गिरवू नका. जुनी नोंद वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारा, वर योग्य नोंद लिहा, शेजारी कोणत्या कागदाच्या आधारे बदल केला ते लिहा आणि तारीख टाकून मुख्याध्यापकांची सही घ्या. गिरवलेली नोंद खरी असली तरी तपासणीत संशयास्पदच ठरते.

एक्सेलवर आंधळा विश्वास

याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे नुकसान गुपचूप होतं.

पहिली अडचण तारखांची. संगणक महिना आधी वाचत असेल आणि तुम्ही दिवस आधी लिहीत असाल, तर ‘३/४’ अशी लिहिलेली ३ एप्रिल ही तारीख ४ मार्च होऊन बसते. २५ एप्रिल मात्र तशीच राहते, कारण पंचविसावा महिना नसतो आणि एक्सेल तिला तारीख न मानता साधा मजकूर मानतं. ओळखायची खूण सोपी आहे: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर उजवीकडच्या तारखा तपासायला घ्या. यापुढे महिना अक्षरांत लिहायची सवय लावा.

दुसरी अडचण लांब क्रमांकांची. सुरुवातीचं शून्य उडून जातं, आणि पंधरापेक्षा जास्त अंकी क्रमांक लिहिला तर पंधराव्या अंकापुढचे सगळे अंक शून्य होतात. ते परत मिळत नाहीत, कागदावरून पुन्हाच लिहावे लागतात. म्हणून फोन, बँक खातं, विद्यार्थी क्रमांक हे रकाने आकडे भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ म्हणजे साधा मजकूर या प्रकारचे करून ठेवा.

तिसरी अडचण सगळ्यात घातक. नावांचा एकच रकाना निवडून अकारविल्हे लावला की नावं हलतात आणि शेजारचे गुण, पत्ते, फोन जागच्या जागी राहतात. यादी दिसायला अगदी व्यवस्थित असते, फक्त प्रत्येक मुलासमोर दुसऱ्याची माहिती असते. लगेच लक्षात आलं तर ‘अनडू’ करा, नाहीतर जतन न करता फाइल बंद करा. सामायिक फाइल असेल तर तिच्या जुन्या आवृत्त्यांमधून परत आणता येते. प्रत्येक ओळीत विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक असला, तर निदान मूळ रजिस्टरशी ताळा घेता येतो.

पैसे घेणारा आणि ताळा करणारा एकच माणूस

माणूस कितीही विश्वासू असो, फी घेणं, पावती लिहिणं, बँकेत भरणं आणि बँकेशी ताळा करणं, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या नोंदींशी जुळतात का ते पाहणं, ही कामं एकाच्या हाती देऊ नयेत. यात त्या माणसाचंही संरक्षण आहे, कारण तफावत निघाली तर बोट त्याच्याकडेच जातं. कार्यालयात दोघंच असतील तर महिन्याचा बँक ताळा मुख्याध्यापकांनी स्वतः करावा.

जमलेल्या फीतून किरकोळ खर्च भागवू नका. फी जशीच्या तशी बँकेत जाऊ द्या आणि किरकोळ खर्चासाठी ठरावीक रक्कम वेगळी ठेवा. रद्द केलेल्या पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच राहू द्या. पुढच्या वर्षाची आगाऊ आलेली फी या वर्षाचं उत्पन्न म्हणून दाखवू नका. तसं केलं की यंदा शिल्लक भरपूर दिसते, खर्च मंजूर होतात आणि पुढच्या वर्षी पगाराला ओढाताण होते.

ताळा जमत नसेल तर तफावतीचा आकडाच बरंच सांगतो. त्याला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर शेजारचे दोन अंक उलटे पडले असण्याची शक्यता असते. ४,५३० ऐवजी ४,३५० लिहिलं की फरक १८० येतो. तफावत सम असेल तर तिच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा, जमेची रक्कम खर्चात पडलेली असू शकते. ऑनलाइन फी बँकेत उशिरा आणि सेवाशुल्क कापून जमा होत असेल, तर पूर्ण फी जमा दाखवून शुल्क वेगळा खर्च म्हणून लिहा. मामा-काकांच्या खात्यातून आलेली रक्कम कुणाची ते कळेपर्यंत अंदाजाने कुणाच्या नावावर टाकू नका, वेगळी मांडून ठेवा.

आणि एक. पुरवठादाराच्या नावाने ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असा ईमेल आला, तर त्या ईमेलमधल्या नंबरवर फोन करू नका. जुन्या बिलावरच्या नंबरवर विचारा आणि मगच पैसे पाठवा.

माहिती कार्यालयातच अडकणं

मुलाला न्यायला कोण येऊ शकतं यात बदल झाल्याचा अर्ज फायलीत लागतो आणि फाटकावरच्या माणसाला ते कळतच नाही. हा बदल त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, फाटकावर आणि वर्गशिक्षकांपर्यंत लेखी पोचला पाहिजे. यात एका दिवसाचीही ढिलाई नको.

पालकांना एकत्रित ईमेल पाठवताना पत्ते ‘बीसीसी’ या, इतरांना न दिसणाऱ्या रकान्यात टाका, नाहीतर प्रत्येकाचा पत्ता सगळ्यांकडे जातो. एकच पासवर्ड सगळे वापरत असतील तर कोणता बदल कुणी केला ते कधीच सांगता येणार नाही. प्रत्येकाचं खातं वेगळं हवं, आणि नोकरी सोडणाऱ्याचं खातं शेवटच्या दिवशीच बंद व्हावं.

फाइल क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे असं समजू नका. एका संगणकावर पुसली की ती सगळीकडून पुसली जाते. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक शाळेबाहेर, हा जुना नियम पाळा आणि अधूनमधून एखादी फाइल खरोखर परत आणून पाहा.

आग विझवायच्या नळकांड्यावरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हेही नियमित पाहावं. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला काटा नसतो, ते वजन करून तपासावं लागतं. आग लागून शाळा रिकामी करावी लागली तर मुलं मोजायला वर्गांच्या याद्या कागदावर हाताशी ठेवा, वीज गेल्यावर पडद्यावरची यादी वाचता येत नाही.

विस्कटलेलं कार्यालय हाती आलं तर

सगळं एकदम सुधारायला जाऊ नका. पहिल्या दिवशी साक्षीदारासमोर रोकड मोजा, रक्कम लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. मग किल्ल्या, पासवर्ड आणि बँकेतल्या सह्यांचे अधिकार कुणाकडे आहेत त्याची यादी करा. बँकेचा ताळा चालू महिन्यापासून सुरू करा. जुनी वर्षं धुंडाळत बसलात तर हा महिनाही मागे पडेल, त्यांच्यासाठी आठवड्यातला वेगळा वेळ राखा. सापडलेल्या त्रुटी तारखेसह लिहून पहिल्याच महिन्यात मुख्याध्यापकांना द्या आणि त्यांची पोच घ्या. वर्षभराने त्याच त्रुटी तपासणीत निघाल्या, की जबाबदारी खुर्चीवर बसलेल्या माणसावर येते.