डॉसन नदीकाठचा पूर्वज: फाइल सिडनीत निघाली

डॉसन नदीकाठी राहिलेल्या पूर्वजाची कागदपत्रं शोधताना अडचण अशी: ऑस्ट्रेलियात 27 ऑक्टोबर 1857 रोजी या नदीकाठच्या हॉर्नेट बँक मेंढीफार्मवर तिथल्या मूळ रहिवासी यीमन लोकांनी केलेल्या हल्ल्यात 11 जण मारले गेले. जागा आजच्या क्वीन्सलँडची, म्हणून शोध तिच्या राजधानीपुरता, ब्रिस्बेनपुरताच राहतो. पण क्वीन्सलँड न्यू साउथ वेल्सपासून वेगळं झालं 10 डिसेंबर 1859 ला. त्याआधीचा वसाहत सचिवांचा पत्रव्यवहार न्यू साउथ वेल्सच्या (राजधानी सिडनी) सरकारी अभिलेखागारात पाहावा लागतो.

मग 'ट्रोव्ह' या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरची जुनी वर्तमानपत्रं, फुकट आहेत. आडनाव टाकून शोधू नका. यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरं बिघडलेली असतात आणि गड्यांची नावं तर बातमीत कित्येकदा नसतातच, नुसतं 'मेंढपाळ'. फार्मचं किंवा नदीचं नाव टाका. तारखेची मर्यादा निदान डिसेंबरअखेरपर्यंत ठेवा, कारण बातमी उशिरा पोचे आणि इतर पत्रं ती पुन्हा छापत. पहिल्या बातमीतल्या नावांवर विसंबू नका, नंतरच्या दुरुस्त्या पाहा.

शिवाय ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाचा वसाहतकाळातल्या हत्याकांडांचा ऑनलाइन नकाशा उघडाच. हॉर्नेट बँकनंतर सूड म्हणून यीमन लोकांची मोठी कत्तल झाली; त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं मात्र कुठल्याच फायलीत नाहीत.