तेलानं तोंड धुताय? मग पुसतंय कोण? या चुका टाळा

गेल्या वर्षभरात माझ्या पार्लरच्या खुर्चीत बसून कितीजणींनी मला हे सांगितलं असेल: "ताई, मी फेसवॉश सोडला. आता तेलानंच चेहरा धुते." सांगताना हनुवटीवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसत असतं. धुतेस म्हणजे काय करतेस, विचारलं की उत्तर ठरलेलं: तेल लावते, चोळते, तोंडावर पाणी मारते. मग ते तेल गेलं कुठं, बाई?

माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये होते. ड्यूटीवरून आले की कोपरापर्यंत वंगण. आई साबण पुढं करायची, पण ते आधी हातावर गोडं तेल घ्यायचे, निवांत चोळायचे आणि खिशातला कॉटन वेस्टचा, म्हणजे टाकाऊ सुताचा, बोळा काढून कोरडं पुसायचे. बोळा काळाकुट्ट व्हायचा. मग साबण, मग पाणी. घाईत थेट साबण लावला की काळं निघायचं नाही, नुसतं मनगटापर्यंत पसरायचं.

चेहऱ्याचंही तेच आहे. त्वचेचा तेलकटपणा, सनस्क्रीन, काजळ, न निघणारी लिपस्टिक हे पाण्याला दाद देत नाही, तेलात विरघळतं. पण विरघळलं म्हणजे गेलं नाही. ते तेलात मिसळून तुमच्या तोंडावरच बसलेलं असतं. नरकचतुर्दशीला कुणाच्या आजीनं तेल चोळून नुसतं पाणी ओतलं होतं का? तेलामागून उटणं यायचंच. आपण मोबाइलवर अर्धा व्हिडिओ बघतो आणि उटण्याच्या आधीच बंद करतो.

तेल न पुसणं

सगळ्यात महाग पडलेली चूक ही, आणि ती माझ्या घरातच झाली. त्यात माझाही वाटा आहे.

भाचीचं लग्न मे महिन्यात होतं. दीड महिना आधी तिचा फोन आला, "मावशी, मी ते तेलवालं करू राहिले चेहऱ्याला. चालंल ना?" समोर गिऱ्हाईक होतं, थ्रेडिंगचा दोरा दातात होता. मी म्हटलं, चालेल, तेल चांगलंच असतं. कुठलं तेल, कसं काढतेस, काही विचारलं नाही. त्या एका वाक्याचा मला अजून पस्तावा होतो.

पंधरा दिवसांनी पोरगी स्कार्फ बांधून दारात. स्कार्फ सोडला तर कपाळभर बारीक पुरळ, सगळे दाणे एकसारखे, मोहरीएवढे, आणि खाज सुटलेली. माझ्या आईनं ओसरीवरूनच विचारलं, "काय व्हयनं वं माय? तोंडले काय चोपडं?"

चोपडलं होतं केसांचं सुगंधी खोबरेल. रोज रात्री अर्धी वाटी, अर्धा तास. मग गार पाण्याचे चार हबके आणि कूलरसमोर झोप. पाणी तोंडावरून मोत्यासारखं घरंगळायचं आणि तिला वाटायचं, वा, त्वचा किती मऊ झाली. ती त्वचा नव्हती, तेलाचा थर होता. मी तिच्या उशीचा अभ्रा मागवून घेतला. मधोमध बशीएवढा पिवळा डाग, हाताला चिकट. रोज आठ तास पोरगी त्यावर तोंड ठेवून झोपत होती.

त्याहून वाईट म्हणजे पुरळ दिसायला लागल्यावर तिनं थांबायचं सोडून वेळ वाढवला. कारण तिनं ऐकलं होतं, "आधी सगळी घाण बाहेर येते, मग चेहरा साफ होतो." हे वाक्य ज्यानं कुणी पसरवलं त्याला माझ्यासमोर बसवा. सुरुवातीला मुरुम वाढून मग कमी होणं हा प्रकार आहे, पण तो मुरुमांवरच्या रेटिनॉइडसारख्या औषधांचा. ती औषधं त्वचेच्या पेशी भराभर बदलायला लावतात. खोबरेल तेल असलं काही करत नाही. तेलानं पुरळ आलं तर ते तेलानं आलं, इतकं सरळ आहे.

त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी बुरशीचं पुरळ म्हणून सांगितलं. मॅलॅसेझिया नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असतेच. कोंड्यामागेही तीच. तेलातल्या स्निग्ध आम्लांवर ती पोसते, त्यात घाम आणि उकाडा मिळाला की तिची चंगळ. आणि भुसावळचा उकाडा मी काय सांगू? पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा आम्हाला त्याची बातमीसुद्धा वाटत नाही. औषध सुरू झालं, तेल बंद झालं, तरी कपाळ पूर्ण निवळायला तीन आठवड्यांच्या वर लागले. लग्नात उरलेसुरले डाग बाशिंगानं झाकले. फोटोत कुणाला कळत नाही. मला कळतं.

तर पुसायचं कसं? जाड टॉवेल नको. मऊ सुती कापड कोमट पाण्यात बुडवायचं, घट्ट पिळायचं, तोंडावर दहा श्वास ठेवायचं आणि मग हलक्या हातानं टिपायचं. रगडायचं नाही. कापड उलटून पुन्हा एकदा. कानापुढची जागा, जबड्याखाली आणि केसांची रेघ, या तीन ठिकाणी तेल हमखास राहतं. त्यानंतर मी साधा, कमी फेसाचा फेसवॉश वाटाण्याएवढा घेते. "मग तेलाचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्या असतात. वडिलांनी वेस्टनं पुसल्यावर साबण का लावला, हे त्यांना विचारा.

फेसवॉशच का, अंगाचा साबण का नाही, तेही सांगते. आमच्याकडं बोअरचं पाणी जड. त्यात तूरडाळ शिजत नाही, बादलीला पांढरा पट्टा बसतो. अशा पाण्यात साध्या साबणाचा चिकट साका होतो आणि तो तेलाच्या उरलेल्या अंशासकट तोंडावरच बसतो. तेलानं चेहरा खराब झाला म्हणून येणाऱ्यांपैकी काहीजणींचा चेहरा मला या साक्यानंच ओढल्यासारखा वाटतो.

दाणे काढायचा नाद

ही माझी दुसरी दुखरी नस. एक शिक्षिका मोबाइलमध्ये फोटो घेऊन आल्या. बोटाच्या टोकावर काळपट रव्यासारखे चार-पाच कण. "ताई, चाळीस मिनिटं चोळलं तेव्हा हे ब्लॅकहेड्स निघाले!" चेहऱ्यावर विजय. नाकाच्या दोन्ही बाजू मात्र टोमॅटोसारख्या लाल.

मी त्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब तेल लावलं आणि चोळत बसले. तेल जिरत आलं तशी बोटाखाली तशीच खरखर लागली, तसेच कण. म्हटलं, मॅडम, मनगटावर कुठले ब्लॅकहेड्स? मेलेली त्वचा, तेल आणि धूळ यांच्या त्या वळकट्या असतात. चोळल्यावर कुठूनही निघतात. कधी एखादा खरा खडा निघतही असेल, पण त्यासाठी चाळीस मिनिटं नाक घासणं म्हणजे उंदरासाठी घर जाळणं.

आणि नाकावरचे जे बारीक करडे ठिपके बघून बायका हैराण होतात, ते बहुतेकदा ब्लॅकहेड्स नसतातच. रंध्रातून तेल वर येण्याची ती नेहमीची वाट असते. आज रिकामी केली तरी काही दिवसांत भरते. खऱ्या ब्लॅकहेडचा काळा रंगही मळाचा नसतो, हवा लागून आलेला असतो. मी घड्याळ लावून एक मिनिट चोळते, मेकअप असेल तर दीड. बोटांच्या पेरांनी, जोर अजिबात नाही. तेवढ्यात जे विरघळायचं ते विरघळतं. ज्यांना एका रात्रीत नाक गुळगुळीत हवंय त्यांनी माझ्याकडं येऊ नये, मी खरंच सांगते.

हाताला लागेल ते तेल

सगळी तेलं सारखी नसतात. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. केसांना उत्तम, पण मुरुमाळ चेहऱ्यावर रंध्रं बुजवण्यात त्याचं नाव बदनाम आहे. ऑलिव्ह महागडं म्हणून चांगलं, असा समज आहे. त्यात ओलेइक आम्ल फार, आणि ते त्वचेची वरची राखण सैल करतं. मला आवडतं ते करडईचं. त्यात ७० टक्क्यांच्या पुढं लिनोलिक आम्ल असतं, हाताला हलकं लागतं. ते नसेल तर सूर्यफुलाचं, किराणा दुकानातलं साधं रिफाइंड. हो, रिफाइंड. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल भरताला आणि खिचडीवर घ्या. तोंडाला त्याचा वास रात्रभर येतो, आणि गाळ न बसलेलं असेल तर तो गाळही तोंडावर. शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर लांबच राहावं.

एरंडेल नुसतं लावू नका. ते मधासारखं दाट असतं आणि पुसता पुसता जीव जातो. मी चार चमचे करडईत एक चमचा एरंडेल घालते. कोरड्या त्वचेला तेवढंही नको.

मोहरीचं तेल झोंबतं. निंबोळीचं नुसतं लावलं तर भाजल्यासारखं होतं. तेलात लिंबू पिळणारीला मी हात जोडते. तळणीचं उरलेलं तेल लावलेली एक बाई मी पाहिली आहे, त्यावर आणखी काही लिहीत नाही.

कुठलंही नवं तेल आधी जबड्याच्या कडेला, कानाखाली, तीन-चार रात्री लावून बघा. "तीन-चार रात्री?" हो. पंधरा दिवस तोंड झाकून फिरण्यापेक्षा कमीच आहेत.

बाकीच्या चुका, पटपट

ओल्या तोंडावर तेल लावणं. चेहरा कोरडा, हात कोरडे, मग तेल.

विकतचं क्लिन्झिंग ऑइल आणि घरचं तेल एकच समजणं. विकतच्यात तेल आणि पाणी एकत्र आणणारा घटक असतो. ते चोळून झाल्यावर ओल्या हातानं पुन्हा फिरवायचं, दुधासारखं पांढरं होतं, मग धुवायचं. पांढरं व्हायच्या आधीच नळाखाली तोंड घालणाऱ्यांचे पैसे वाया. घरच्या तेलाला मात्र कापडच लागतं.

कापड कढत पाण्यात बुडवणं. वाफेनं रंध्रं "उघडतात" म्हणे. रंध्रांना दारं नसतात. बाळाच्या अंघोळीचं पाणी जसं मनगटावर बघतो तसं बघा.

सकाळ-संध्याकाळ दोनदा करणं. रात्री एकदा पुरे. ज्या दिवशी सनस्क्रीन किंवा मेकअप नाही, त्या दिवशी मी तेल घेतच नाही.

डोळ्यात तेल जाऊ देणं. काजळ काढायला तेलासारखं काही नाही, पण डोळा मिटून, कापसावर दोन थेंब घेऊन. गेलंच तर थोडा वेळ धुरकट दिसतं. घाबरू नका, पाण्यानं धुवा, आणि तोवर गाडी चालवू नका.

चेहरा रोज साफ करून स्कार्फ महिनाभर न धुणं. स्कूटीवरची धूळ, घाम, सनस्क्रीन सगळं त्यात. सकाळी तोच परत तोंडावर आवळायचा आणि दोष तेलाला.

मोठ्या, दुखणाऱ्या गाठींसारख्या मुरुमांवर हा प्रयोग करणं. तिथं डॉक्टर. तसंच मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेली गोरं करणारी ट्यूब वर्षभर लावून चेहरा लाल-पातळ झालेला असेल तर तिथंही डॉक्टर. अशा ट्यूबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. तेलानं ते निस्तरत नाही, आणि माझ्या फेशियलनंही नाही.

बाटली आणि कापड

पत्र्याखालच्या न्हाणीघरात तेलाची बाटली ठेवलीत तर मे महिन्यात ते लवकरच खवट होणार. करडई-सूर्यफूल हलकी असतात तशी खवटही लवकर होतात. मी एकदम लिटरभर मिश्रण करत नाही. खोकल्याच्या औषधाची रिकामी तपकिरी बाटली उकळून, वाळवून घेते, तिच्यात पंधरा दिवसांपुरतंच भरते आणि फ्रिजच्या दारात ठेवते. वास जरा जरी बदलला तर ते तेल बिजागऱ्यांना.

कापडासाठी आईचं जुनं सुती लुगडं फाडून आठ तुकडे केलेत. सात रात्रींचे सात आणि एक जास्तीचा. वापरलेला तुकडा पुन्हा दुसऱ्या रात्री तोंडाला नाही, कितीही कंटाळा आला तरी. रविवारी सगळे गरम पाण्यात धुण्याच्या सोड्यात भिजवते आणि गच्चीवर कडक उन्हात टाकते. गेल्या रविवारी सातच भरले. आठवा शोधला तर नवऱ्यानं मोटरसायकलची चेन पुसायला नेला होता. काळाकुट्ट करून, नीट घडी घालून परत दोरीवर टाकला होता.