नव्या गाडीचे ब्रेक वाजतात? सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी एवढं तपासा

नव्या गाडीचे ब्रेक वाजायला लागले की सर्व्हिस सेंटरमध्ये ठरलेला संवाद होतो. आपण सांगतो, ‘ब्रेकमधून आवाज येतोय.’ ॲडव्हायझर आवारात एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, ‘सर, आत्ता तर काहीच नाहीये. नवीन गाडीत थोडं चालतंच.’ बऱ्याचदा त्याचं बरोबरही असतं, पण दरवेळी नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस त्या आवाजाच्या मागे लागा. तो कसा येतो हे नंतर बघू, केव्हा येतो ते आधी टिपून ठेवा.

सकाळी गाडी काढताना पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर आणि मग शांत, असं असेल तर काळजी सोडा. चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, म्हणजे डिस्क, बिडाची असते. पुण्याच्या पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतोच, गाडी धुतल्यावरही चढतो. ब्रेक दाबल्यावर डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड तो घासून काढतात. गणपतीला आठवडाभर गावी जाऊन आलात तर खरखर जरा जास्त वेळ चालेल. इलेक्ट्रिक गाडीत वेग बराचसा मोटरच कमी करते, पॅड कमी वापरले जातात, त्यामुळे हा गंज तिथे जास्त दिसतो. ओल्या गाडीला हँडब्रेक लावून ठेवला असेल तर निघताना मागून ‘टक्’ असा आवाज येतो. बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांना डिस्कऐवजी डब्यासारखा ड्रम असतो. त्याला आतून चिकटलेले लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, सुटल्याचा तो आवाज. सपाट जागेवर हँडब्रेकऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवली आणि चाकाला दगड लावला की हा प्रश्न मिटतो.

काही आवाज मुळात ब्रेकचे नसतात. मॉल किंवा आयटी पार्कच्या बेसमेंटमध्ये, त्या गुळगुळीत रंगवलेल्या फरशीवर वळताना येणारी किंचाळी टायरची असते. ब्रेकवर पाय नसतानाही ती येते. रस्त्यावरच्या वाळूवर जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर आणि ‘गर्रर्र’ झालं तर एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करतंय. ऑटोमॅटिक गाडीत सिग्नलला ब्रेक अर्धवट सोडून गाडी हळूहळू सरकू दिली की ‘घूं’ असा घोगरा आवाज येतो. पाय पूर्ण काढला की जातो. यासाठी पॅड बदलून घेऊ नका.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर रविवारी सकाळी लवकर एखादी शांत गल्ली गाठा. एका बाजूला लांब कंपाउंडची भिंत असेल तर उत्तम, कारण चाकाचा आवाज भिंतीवर आपटून खिडकीतून स्पष्ट ऐकू येतो. गाणी बंद, एसी बंद, काचा खाली. भिंतीच्या कडेने १५-२० च्या वेगाने जा, मग उलट दिशेने या, म्हणजे आवाज कुठल्या बाजूचा ते कळेल.

आता ब्रेक हलकेच दाबा. दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर गडबड पॅड आणि डिस्कमध्ये. आधीपासून येत होता आणि दाबल्यावर थांबला, तर पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागात, सैल हलत असेल किंवा त्याची क्लिप नीट बसली नसेल. ब्रेक दाबा न दाबा, चाकाबरोबर एकसारखी पत्र्याची किरकिर चालूच असेल तर डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात खडा अडकल्याची शक्यता मोठी. कामं चाललेल्या, खडी सांडलेल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. थोडं रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे गेल्यावर कधी कधी खडा आपोआप पडतो. नाहीतर चाक काढावं लागतं, पण काम काही मिनिटांचं.

आवाज पुढचा की मागचा हेही कळू शकतं. लिव्हरचा हँडब्रेक असेल तर रिकाम्या रस्त्यावर चालण्याच्या वेगात, बटण दाबून धरून तो अलगद ओढा. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागच्या चाकांवर चालतो. तोच आवाज आला तर मागे शोधा. बटणावर चालणारा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर हा प्रयोग करू नका.

बारीक, कानाला टोचणारी किंचाळी थोडी सविस्तर बघू. फळ्यावर खडू किंचाळावा तसा पॅड डिस्कला धरतो-सोडतो आणि थरथरतो. नव्या गाडीत याचं नेहमीचं कारण म्हणजे पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होणं. नवे पॅड डिस्कला नीट बसायला पहिले काही शे किलोमीटर लागतात. तेवढ्यात गाडी दिवे घाटातून किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावरून सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरवली की पॅड तापून चकचकीत होतात. असा उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरावा, ब्रेक दाबून सोडावा, पुन्हा दाबावा. न्यूट्रलमध्ये तर कधीच नाही. त्या उतारावर अवजड गाड्यांचे किती अपघात झालेत ते पुणेकरांना सांगायला नको.

पॅड झिजल्याचा इशारा देणारी पत्र्याची पट्टीही अशीच किंचाळते, पण ती पॅड दोन-तीन मिलिमीटर उरल्यावर. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटरचा असतो. अलॉय व्हील असेल तर मोबाइलच्या टॉर्चने बाहेरचा पॅड दिसतो. काही महिन्यांच्या गाडीत तो जवळजवळ संपलेला दिसला तर कॅलिपर अडकून पॅड डिस्कला घासतच राहिला असणार. खात्रीसाठी जास्त ब्रेक न वापरता दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एक बाजू बरीच जास्त तापलेली असेल तर तिकडेच दुखणं आहे.

लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, पेडल नेहमीपेक्षा खोल जाणं, गाडी एका बाजूला ओढणं, जळका वास किंवा हँडब्रेक खाली असूनही डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा: यातलं एक जरी असलं तरी गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक ‘दादा, पॉलिश पेपर मारून देतो’ म्हणेल. मारल्यावर आवाज थांबेलही, पण वॉरंटीतल्या गाडीला आधी कंपनीचा हात लागू द्या. आवाज घालवायला तेल किंवा कसलाही स्प्रे डिस्कवर मारू नका. त्याने आवाज जाईल आणि ब्रेकही.

सर्व्हिस सेंटरला जाताना आवाजाचा व्हिडिओ न्या. सकाळी येणारा आवाज असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी तिथे ठेवा आणि सकाळी पहिली चक्कर ॲडव्हायझरला शेजारी बसवून तुम्हीच मारा. जॉब कार्डवर नुसतं ‘ब्रेक नॉइज’ लिहू देऊ नका. ‘पुढचं डावं चाक, २० च्या वेगाला, हलक्या ब्रेकला, गाडी तापल्यावर’ असं लिहून घ्या. पॅड झिजणारा भाग म्हणून सहसा वॉरंटीत धरत नाहीत. अडकलेला कॅलिपर किंवा चुकीची बसलेली क्लिप हा मात्र त्यांचा दोष. त्यामुळे पॅडचे पैसे लावले तर ते का झिजले हे लेखी मागा, आणि जुने पॅड डिकीत ठेवायला सांगा.