मृदू पाण्यात पीएच मीटर स्थिर कसा केला

गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या आमच्या व्हाळाचे (ओढ्याचे) पाणी पावसाळ्यानंतर तपासताना पीएच मीटरचा, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कली आहे हे दाखवणाऱ्या यंत्राचा, आकडा ठरतच नव्हता. स्वस्त मीटरवर संशय येणे स्वाभाविक होते, पण ७.०० आणि ४.०१ अशा ठरलेल्या पीएचच्या बफर द्रावणांत तोच मीटर चटकन स्थिरावत होता, तेव्हा अडचण पाण्यातच होती. जांभ्या खडकात चुना फारसा नसल्याने अशा पाण्यात विरघळलेले क्षार अत्यल्प असतात. त्यामुळे इलेक्ट्रोडला (मीटरच्या पाण्यात बुडवायच्या टोकाला) मिळणारा संकेत अस्थिर असतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडची थोडीशी देवाणघेवाणही आकडा हलवते.

म्हणून नमुना बाटलीत काठोकाठ भरून, आत बुडबुडा न ठेवता झाकला, इलेक्ट्रोड त्याच पाण्याने अनेकदा विसळून घेतला आणि न ढवळता काही मिनिटे थांबल्यावरच नोंद केली. आकडा थांबला. वापरानंतर इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात न ठेवता पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवतो, कारण शुद्ध पाण्यात त्याच्यातील आयन झिरपून जातात व प्रतिसाद आणखी मंदावतो. (पीएच दाखवणाऱ्या कागदी रंगपट्ट्यांचा नाद मात्र सोडला, अशा पाण्यात त्या फार फसवतात.)

दगडांखालचे मेफ्लाय या कीटकाचे पाण्यात वाढणारे डिंभ पांढऱ्या ट्रेमध्ये मोजून त्याच वहीत लिहितो, कारण मागील कित्येक आठवड्यांतील पाण्याची स्थिती मीटरला सांगता येत नाही, तिचा अंदाज या डिंभांवरून येतो.